मोटारीतला कॅमेरा : घेताना काय पाहावे?

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम याबद्दल लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. मोटारीच्या पुढच्या काचेला लावायचा कॅमेरा, ज्याला बाजारात डॅश कॅमेरा म्हणतात, तो घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा पारखून घ्यावा, हे गेल्या वर्षभरात बऱ्याच सभासदांनी गट कार्यालयात येऊन विचारले. कोणाचा मुलगा नोकरीसाठी अमरावतीला रोज ये-जा करतो, कोणी नवी मोटार घेतली आहे, कोणाचे ट्रक ऊस वाहतुकीला लागले आहेत. "हे ऊसवाल्या साहेबाले काहून इचारता?" असे एकाने म्हटले, तेव्हा दुसऱ्याने उत्तर दिले, "त्यायच्याच गाडीत तं झालं होतं ना ते!" ते खरे आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या गाडीची हकीकत

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे परत येत होतो. जंगलाचा पट्टा नुकताच मागे पडला होता. पुढे उसाने भरलेली ट्रॉली चालली होती, तिच्या मागे आमची गाडी. समोरून मोटारसायकल आली आणि आमच्या गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. चालवणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा. पाय दोन ठिकाणी मोडला.

ड्रायव्हर म्हणतो, "गाडी आपल्या बाजूला होती, मोटारसायकलचा दिवा बंद होता." मुलगा म्हणतो, "दिवा चालू होता, गाडीच ट्रॉलीला ओलांडायला बाहेर निघाली होती." आम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो, पण आमचे डोके मोबाईलमधल्या दुसऱ्या दिवसाच्या तोडणीच्या यादीत होते. आवाज झाला तेव्हा मान वर केली. म्हणजे जागेवर हजर असूनही आम्ही काही पाहिले नाही. हे सांगायला आम्हाला आजही लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

गाडीत कॅमेरा होता. आम्हीच हौसेने लावलेला, स्वस्तातला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पोलीस ठाण्यात कार्ड काढून संगणकाला लावले, तर शेवटचे चित्रण मागच्या एप्रिल महिन्यातले निघाले. त्यात एका सभासदाच्या बांधावरचे लिंबाचे झाड तेवढे दिसत होते. उन्हाळ्याच्या तापाने कॅमेऱ्यातली बॅटरी फुगली, कार्ड निकामी झाले, आणि पुढे नऊ महिने तो दिवा नुसताच लुकलुकत राहिला. आम्हाला वाटत होते पहारेकरी जागा आहे.

ड्रायव्हरच्या घरचा ऊस आपल्याच कारखान्याला येतो आणि मुलाचे वडीलही आपले सभासद. मुलगा आता काठीशिवाय चालतो, ही देवाची कृपा. पण दोन्ही घरे एकमेकांकडच्या लग्नाला जात नाहीत. खरे काय घडले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही. दोन-तीन मिनिटांचे चित्रण धड असते तर एकाने चूक कबूल केली असती, दुसऱ्याचे मन मोकळे झाले असते. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच.

हे यंत्र काम कसे करते

गाडी सुरू झाली की कॅमेरा आपोआप सुरू होतो आणि समोरचा रस्ता टिपत राहतो. चित्रण एका लहानशा कार्डावर साठते. ते एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांत होते. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसला जाऊन त्या जागी नवा येतो. रहाटाच्या माळेसारखे समजा, रिकामा झालेला पोहरा फिरून पुन्हा भरायला येतो. त्यामुळे कार्ड रोज रिकामे करावे लागत नाही.

मात्र धक्का बसला, जोराचा ब्रेक लागला, तर आतला धक्का ओळखणारा भाग, म्हणजे जी-सेन्सर, त्या वेळचा तुकडा बाजूला काढून कुलूपबंद करतो. तो पुसला जात नाही. ही सोय नसलेला कॅमेरा घेऊ नये. पण तिची मात्रा बेताची ठेवावी. आपल्या पांदण रस्त्यावर दर खड्ड्याला धक्का बसतो. मात्रा फार नाजूक ठेवली तर खड्ड्यांचे तुकडे कुलूपबंद होऊन कार्ड भरून जाते आणि खऱ्या वेळी जागा उरत नाही.

हे कॅमेरे जगात सर्वांत आधी गाजले ते रशियात. तिकडे विम्याच्या पैशासाठी मुद्दाम गाडीपुढे येऊन पडणारे लोक निघाले, म्हणून चालकांनी ते लावून घेतले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात उल्का फुटली, काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. त्या उल्केचे चित्रण कितीतरी मोटारींतल्या कॅमेऱ्यांत आपोआप आले आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग काढला. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्का पडली तेव्हा सांगायला कोणी नव्हते, नुसते विवर उरले. रस्त्यावरच्या अपघाताचेही असेच असते. मागे खुणा उरतात, घडले काय ते सांगणारा उरत नाही.

आपल्या भागात गरज काय

आपल्याकडे तीन तऱ्हेचे रस्ते आहेत. पहिला समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पूर्ण झाला. तो आपल्या जिल्ह्यात धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. तिथे सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ट्रॅक्टर आणि दुचाकींना तिथे मनाई आहे.

दुसरा अमरावती-अकोल्याचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. त्याच्या लोणी ते माना या भागात जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकल्याचा विक्रम झाला, ते आपणा सर्वांना आठवत असेल. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो आणि चूक सुधारायला वेळ कमी मिळतो.

तिसरे आपले नेहमीचे रस्ते. अमरावती ते चांदूर रेल्वे तीस किलोमीटरच्या आसपासचे अंतर, पण वाटेत पोहरा-मालखेडचे जंगल. रोही कधी आडवा येईल याचा नेम नाही, रानडुकरांचा कळप तर सांगून येत नाही. हंगामात त्यात भर पडते ती उसाच्या ट्रॉल्यांची, बैलगाड्यांची आणि रस्त्याच्या कडेला टायर बदलत उभ्या असलेल्या ट्रकांची. धुके पडले की विचारूच नका. अशा ठिकाणी झालेल्या अपघाताला बहुधा साक्षीदार नसतो. जे येतात ते नंतर येतात, आणि मोठ्या गाडीचीच चूक असे धरून बोलतात.

निवड करताना काय पाहावे

वाण निवडताना आपण काय करतो? को ८६०३२ घ्यायचा की फुले २६५, हे जाहिरात पाहून ठरवत नाही. आपली जमीन कशी, पाणी किती, तोडणी कधी, हे पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच करावे. खोक्यावरचे मोठे आकडे पाहून भुलू नये, आपले ऊन आणि आपले रस्ते डोळ्यांपुढे ठेवावेत.

१) उन्हाला टिकतो का? आपल्यासाठी हा पहिला प्रश्न आहे, आणि दुकानदार तो शेवटी सांगतो किंवा सांगतच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद करून उन्हात ठेवलेल्या मोटारीत काचेजवळ तो ७० अंशांच्या आसपास जातो. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत मोबाईलसारखी लिथियमची बॅटरी असते. ती एवढ्या तापात फुगते आणि कालांतराने निकामी होते. काही कॅमेऱ्यांत बॅटरीऐवजी कपॅसिटर असतो, त्याला सुपर कपॅसिटर म्हणतात. तो फार वीज साठवत नाही, गाडी बंद पडल्यावर शेवटचा तुकडा नीट जतन करण्यापुरतीच साठवतो. पण ऊन सोसतो. वऱ्हाडात राहणाऱ्याने कपॅसिटरचाच कॅमेरा घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे सगळे गुण कमी असले तरी चालतील, हा पाहिजेच.

२) नंबर वाचता येतो का? धडकून पळून जाणारी गाडी दिसली आणि नंबर दिसला नाही, तर त्या चित्रणाचा उपयोग निम्माच. कॅमेऱ्यांवर १०८० पी, १४४० पी (यालाच काही जण २ के म्हणतात) आणि ४ के असे लिहिलेले असते. हा आकडा जितका मोठा तितके चित्रात ठिपके जास्त, आणि तितक्या लांबचा नंबर वाचता येतो. मोटारीची लांब पाटी अर्धा मीटर रुंद असते. साधारण १२० अंशांचा कोन टिपणारा कॅमेरा धरला तर आमचा ठोकताळा असा :

१०८० पी : पाच-सहा मीटरपर्यंत
१४४० पी : सात मीटरच्या आसपास
४ के : दहा-अकरा मीटरपर्यंत

ही दिवसाउजेडी, गाडी फार वेगात नसतानाची अंतरे आहेत. वेग वाढला, धूळ असली की ती कमी होतात. म्हणून लांबचा नंबर येईलच अशी आशा धरू नये. परवडत असेल तर १४४० पी किंवा त्यावरचा घ्यावा. नुसते कोण कोणत्या बाजूला होते एवढे सिद्ध करायला १०८० पी पुरतो.

इथे दोन सावधगिऱ्या. काही स्वस्त कॅमेऱ्यांत आतला सेन्सर लहान असतो आणि चित्र ताणून '४ के' म्हणून दाखवतात. विकत घेण्यापूर्वी खरे चित्रण संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहावे, मोबाईलच्या लहान पडद्यावर सगळेच छान दिसते. दुसरे, १७० अंशांचा कोन म्हणून मिरवणाऱ्या कॅमेऱ्यात बाजूचे धुरे-बांध सगळे येतात, पण त्याच ठिपक्यांत जास्त जागा बसवल्यामुळे समोरची गाडी लहान दिसते. १२० ते १४० अंशांचा कोन पुरेसा.

३) रात्री काय दिसते? आपली ऊस वाहतूक रात्रभर चालते, तेव्हा हा प्रश्नही मोठा. समोरच्या गाडीचा प्रखर दिवा आला की साध्या कॅमेऱ्यात सारे पांढरे फक्क होते. नव्या नंबर प्लेट उजेड परतवणाऱ्या असतात, त्याही आपल्याच दिव्याने पांढऱ्या होऊन अक्षरे बुडतात. यासाठी एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर नावाची सोय असते, ती उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळते. भिंगाचा आकडा, म्हणजे एफ १.८ किंवा त्याहून कमी, असला तर जास्त उजेड आत येतो. शक्य असेल तर दुकानदाराला रात्रीचे चित्रण दाखवायला सांगावे. दिवसाचे सगळेच दाखवतात.

४) सेकंदाला किती चित्रे? बहुतेक कॅमेरे सेकंदाला ३० चित्रे घेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे अर्धा मीटर. चांदूर-अमरावती रस्त्याला ३० चित्रे पुष्कळ झाली. समृद्धीवर ताशी १२० ला हेच अंतर एक मीटरच्या वर जाते. रोज समृद्धीवर जाणाऱ्याने सेकंदाला ६० चित्रांची सोय असलेला पाहिला तर बरे.

५) कार्ड कसले? पुष्कळ जण इथेच फसतात. कॅमेरा पाच-सहा हजारांचा आणि कार्ड मोबाईलमधून काढलेले जुने! या कार्डावर रोज पुन्हा पुन्हा लिहिले-पुसले जाते. साधे कार्ड त्यात लवकर झिजते. 'हाय एन्ड्युरन्स' असे लिहिलेले, सतत चित्रणासाठी बनवलेले कार्ड घ्यावे. १०८० पी ला तासाला साधारण ६ ते ७ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात नऊ तासांच्या आसपासचे चित्रण राहते. ४ के ला याच्या दुप्पट जागा लागते. तेव्हा १२८ जीबीचे घ्यावे. कॅमेरा किती मोठे कार्ड घेतो तेही विचारून घ्यावे. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून पावतीसह घ्यावे.

६) पुढचाच की मागचाही? मागून धडक बसण्याची भीती शहरात आणि टोलनाक्यावर जास्त. मागच्या काचेलाही कॅमेरा लावता येतो, त्याला दोन चॅनेलचा संच म्हणतात. पण पैसे मोजके असतील तर एकच चांगला पुढचा कॅमेरा घ्यावा. दोन सुमार घेण्यात अर्थ नाही.

७) जीपीएस असावे का? जीपीएस असले की चित्रणावर वेग आणि ठिकाण उमटते, आणि घड्याळही आपोआप बरोबर राहते. घड्याळाचे महत्त्व मोठे आहे. कॅमेऱ्यात तारीख चुकीची असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारील. जीपीएस नसेल तर महिन्यातून एकदा तारीख-वेळ तपासावी. वेग उमटतो म्हणून काहींना जीपीएस नको असते. त्यावर पुढे बोलू.

८) उभ्या गाडीचा पहारा. गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवण्याची सोय काहींत असते. त्यासाठी गाडीच्या फ्यूज पेटीतून वेगळी वायर घ्यावी लागते. त्यात बॅटरी ठराविक दाबाखाली उतरली की कॅमेरा बंद करणारा भाग असलाच पाहिजे. नाही तर काय होते ते पाहा. कॅमेरा सुमारे ०.४ अँपिअर वीज घेतो, चोवीस तासांत साडेनऊ अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. दोन दिवस गाडी दारात उभी राहिली की निम्म्याहून जास्त बॅटरी गेली, तिसऱ्या दिवशी पोरांना धक्का मारायला बोलवा! ज्याची गाडी घराच्या वाड्यात उभी राहते त्याला या सोयीची गरज नाही.

९) ट्रकमध्ये लावायचा असेल तर. मोटार आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, बहुतेक मोठ्या ट्रकांची २४ व्होल्टची. कॅमेऱ्याचा अडॅप्टर १२ आणि २४ दोन्हींवर चालणारा आहे का ते पाहून घ्यावे. ट्रॅक्टरवर धूळ, पाऊस आणि हादरे फार. मोटारीचा कॅमेरा उघड्या ट्रॅक्टरवर टिकत नाही. तिथे पाणी आणि धूळ न शिरणारा, दुचाकीसाठी बनवतात तसला लागतो.

किंमत किती मोजावी

बाजारात दोन-अडीच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत कॅमेरे आहेत. सर्वांत स्वस्ताचा अनुभव आम्ही वर सांगितलाच. साध्या सभासदाने कपॅसिटर, १४४० पी, एचडीआर आणि चांगले कार्ड एवढे चार गुण पाहावेत. पडदा मोठा आहे का, आवाजाने हुकूम घेतो का, या गोष्टी शोभेच्या. कंपनीचे नाव सांगणे आमचे काम नाही. वॉरंटीचे काम अमरावतीत होते की पार्सल मुंबईला पाठवावे लागते, हे मात्र जरूर विचारावे. कॅमेरा लावला म्हणून विम्याचा हप्ता कमी होईल या भरवशावर कोणी राहू नये.

बसवायचा कसा

खासगी मोटारीत असा कॅमेरा लावण्यास कायद्याची मनाई नाही. पण चालकाची नजर अडता कामा नये. आतल्या आरशाच्या मागे, वायपर जिथवर काच पुसतो त्या जागेत लावावा. रबरी पकडीचा उन्हात सुटून पडतो, चिकटपट्टीचा टिकतो. पट्टी लावण्यापूर्वी काच स्वच्छ पुसून कोरडी करावी आणि भर उन्हात लावू नये. वायर छताच्या कडेने नेताना बाजूच्या खांबात एअरबॅग असेल तर तिच्या पुढून वायर जाऊ देऊ नये. गाडीची मूळ वायर कापून जोड देऊ नये, त्यावरून गाडीच्या वॉरंटीचा वाद होतो.

बसवल्यानंतरचे काम त्याहून महत्त्वाचे. दर महिन्याच्या एक तारखेला कार्ड काढून काल-परवाचे चित्रण खरोखर आहे का ते पाहावे, वेळ तपासावी, भिंग आणि त्यासमोरची काच पुसावी, कुलूपबंद तुकड्यांपैकी हवे ते उतरवून घेऊन कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही ते केले नाही. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी हे तर सांगायलाच नको.

अपघात झालाच तर

आधी माणूस, मग चित्रण. १०८ ला फोन करावा, जखमीला दवाखान्यात पोचवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. घडलेल्या प्रकाराची माहिती शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची असते. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताला कलम १३४-अ चे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी गाडी पुढे दामटू नये. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातातील जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार होण्याची तरतूद आहे. दवाखान्यात तिची विचारणा करावी.

त्यानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे. गाडी चालूच राहिली तर जुने तुकडे पुसले जातात. चित्रण कापू-जोडू नये, त्यावर काही लिहू नये. एक प्रत संगणकात उतरवून ठेवावी आणि मूळ कार्ड पाकिटात घालून जपावे. पोलिसांनी कार्ड किंवा कॅमेरा मागितला तर पंचनाम्याची प्रत किंवा पोच घ्यावी. काट्यावर ऊस टाकला की पावती घेतो ना, तशीच.

कोर्टात असे चित्रण चालते का, असा प्रश्न नेहमी येतो. चालते, पण रीतीने. याबाबतचा मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद चालला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून आले. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, पण प्रत दाखल करायची तर सोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. चित्रणात बदल झाला नाही हे दाखवणारा हॅश नावाचा आकडाही त्यात लिहावा लागतो. हे काम वकिलांकडून करून घ्यावे. मूळ कार्ड जपून ठेवा म्हणतो ते याचसाठी.

आणखी एक विनंती. अपघाताचे चित्रण गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. कोणाच्या तरी घरचा माणूस त्यात रक्ताने माखलेला असतो. ते चित्रण पोलीस, विमा कंपनी आणि न्यायालय यांच्यासाठी आहे, करमणुकीसाठी नाही.

काटा कोणाचा नातेवाईक नसतो

जीपीएस नको म्हणणाऱ्यांबद्दल बोलू असे वर म्हटले होते. एका सभासदाने आम्हाला सरळच विचारले, "साहेब, आपलीच चूक निंगाली तं?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. आपली चूक असेल तर कॅमेरा तीच दाखवील. वेग जास्त असेल तर तो आकडा आपल्याच चित्रणावर असेल. वजनकाटा जसा शेतकऱ्याचा नाही आणि कारखान्याचाही नाही, तसा हा कॅमेरा गाडीवाल्याचा नाही आणि समोरच्याचाही नाही. आपल्याला सोयीचे तेवढेच वजन दाखवणारा काटा आपण चालवून घेऊ का? मग सोयीचे तेवढेच दाखवणारा कॅमेरा तरी कशाला हवा? नकोसे चित्रण पुसून टाकण्याचा मोह तर मुळीच धरू नये. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा होतो.

आमचा अनुभव असा की, आपले चित्रण होत आहे हे ठाऊक असले की पायाखालचा अॅक्सिलरेटर आपोआप हलका होतो. आमच्या विभागाच्या गाडीत आता कपॅसिटरचा कॅमेरा आहे, जीपीएससह. ड्रायव्हर तोच आहे. दर एक तारखेला तो आणि आम्ही मिळून कार्ड तपासतो.

शेवटी ऊस वाहतूकदारांना एक सांगणे. कॅमेरा अपघात टिपतो, टाळत नाही. टाळण्याचे काम ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर करतो, चालू असलेला मागचा दिवा करतो, ट्रॉलीवरचा स्वच्छ नंबर करतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. बैलगाडीवाल्यांनीही मागे तो पट्टा लावावा. वाटेत ट्रॉली बिघडली तर मागे दगड ठेवून निघून जाऊ नये. माणूस आणि दिवा ठेवावा, आणि निघताना दगड उचलून बाजूला टाकावेत. डांबरावर विसरलेला तो एक दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

त्या रात्री आमच्या पुढे चाललेल्या ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. एवढे मात्र आम्ही पाहिले होते, कारण निघताना त्यावरूनच ड्रायव्हरशी बोललो होतो.

 

आपला,
ऊस विकास अधिकारी